अण्णा पोहायचे का?

या शहरात नळाची कामं करणारे पन्नास जण असतील, पण पाइपाला कान लावून गळती नेमकी कुठं आहे ते सांगणारा एकच. दादा. आता हे दादा स्वतःच सांगतो, पण म्हणून काही ते खोटं ठरत नाही. लोकही सांगतात. दादानं आधी सांगून ठेवलेलं असतं म्हणून सांगतात, एवढंच.

शिक्षण म्हणाल तर आठवी पास. नववीच्या वर्गात दादा बसला होता, पण नववी काही त्याच्या डोक्यात बसली नाही. तेव्हा वडिलांनी त्याच्या हातात बारा इंची पाना दिला आणि म्हणाले, "हे धर तुझं पेन." त्या गोष्टीला एक्केचाळीस वर्षं झाली. पाना अजून तोच. दांड्याचा लाल रंग उडून गेलाय आणि तिथं दादाच्या चार बोटांची झीज पडलीय. दुसऱ्या कुणी धरला तर हातात नीट बसतच नाही.

पान्याबरोबर वडिलांनी आणखी एक गोष्ट दिली होती. "ज्याच्या मोरीत हात घातला, त्याचं नाव ओठावर आणायचं नाही." लोकांच्या पाइपांत काय काय सापडतं! अंगठ्या सापडतात, कवळ्या सापडतात, फाडून टाकलेल्या चिठ्ठ्या तर कितीतरी. समोरच्या गल्लीतल्या एका बड्या माणसाच्या बेसिनखालून एकदा जे निघालं, ते ऐकलंत तर पोट धरून हसाल. पण नाही. दादानं ते बायकोलाही सांगितलेलं नाही. बायको दोन दिवस रुसून बसली होती, तरी नाही. म्हणून तर निम्मी गल्ली बाहेरगावी जाताना घराची किल्ली दादाकडे टाकून जाते.

असा हा झाकल्या मुठीचा माणूस. आणि त्यानंच एक दिवस आपल्या घरादाराची मूठ साऱ्या जगासमोर सताड उघडली.

कारण झाले मास्तर. रिटायर झालेले, सभ्य, नळाला हात न लावणारे. दादा त्यांच्याकडे गरम पाण्याची तोटी बदलत होता आणि मास्तरांनी त्याला कॉम्प्युटरवर, कुणालाही बघता येणाऱ्या एका साइटवरची आपली वंशावळ दाखवली. सात पिढ्या. चौकोनाला चौकोन, रेघेला रेघ. त्यात एक न्यायाधीश, दोन डॉक्टर आणि एक कुणीतरी परदेशात.

"तुमच्याकडे असं काही नसेल ना?" मास्तरांनी सहज विचारलं.

झालं! दादाची कानशिलं तापली. सात पिढ्या, आणि त्यातल्या एकालाही साधा वॉशर बदलता येत नाही, म्हणून तर मला बोलावलं! आणि मला विचारतात, तुमच्याकडे नसेल ना?

घरी येऊन त्यानं त्याच साइटवर खातं उघडलं. स्वतः. कुणालाही न विचारता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, दोन्ही अंगठ्यांनी तीन आठवडे तो फोन बडवत होता. कुणाची जन्मतारीख, कुणाची शाळा, कोण कुठल्या मजल्यावर राहतं, कुणाला घरात काय म्हणून हाक मारतात, सगळं. आत्याचा तर दारात उभा असलेला फोटोच टाकला. मागं घराच्या नंबराची पाटी लखलखीत दिसतेय. खाली लिहिलं, "आमची आत्या. वय एकोणऐंशी. लाडाचं नाव मुंगळी. एकटी राहते, कुणाच्या बापाला भीत नाही. जुन्या माहितीसाठी हिला फोन करा." आणि फोन नंबर.

अण्णांपाशी मात्र अंगठे थबकले. अण्णा म्हणजे आजोबा, आत्याचे वडील. शहरात पहिल्यांदा नळ आला, तेव्हा पाइप टाकणाऱ्या टोळीत ते होते. पण नुसतं "टोळीत होते" हे काय लिहिणं झालं? मास्तरांचा न्यायाधीश वरच्या चौकोनात बसून हसेल. दादानं एक घोट चहा घेतला आणि मग जे सुचत गेलं ते लिहीत गेला. एकदा नदीला महापूर आला. पुराचं घाण पाणी घराघरांतल्या नळात शिरणार, तेवढ्यात अण्णांनी उडी घेतली, पट्टीच्या पोहणाऱ्यासारखे टाकीपर्यंत पोहत गेले आणि मोठा व्हॉल्व्ह बंद केला. सारं शहर वाचलं. असा पूर कधी आला होता का, ते त्या नदीलाच माहीत. पण वाचताना दादाच्या अंगावर खरोखरचा काटा आला.

धाकटी बहीण दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये कामाला आहे. तिथून एक कागद बाहेर न्यायचा तर तीन सह्या लागतात. तिनं वंशावळ बघितली आणि कपाळाला हात लावला.

"दादा, गेलेल्यांचं लिहिलंस ते ठीक आहे. जिवंत माणसांचं कशाला? मला विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? तुझं वजन थोडंच लिहिलंय?"

"जन्मतारीख लिहिलीयस. शाळा लिहिलीयस. आईचं माहेरचं आडनाव लिहिलंयस. माणूस ओळखायला बँक हेच विचारते रे!"

"मग बरंच झालं की. विसरलीस तर तिथं बघता येईल."

"दादा!"

"आपल्या घराण्यात लपवण्यासारखं आहे काय? चोऱ्या केल्यात?"

"आपण नाही केल्या. पण चोरांना वाचता येत नाही असं तुला कुणी सांगितलं?"

"वाचू देत! त्यांनाही कळू दे कुणाचं घराणं आहे ते."

"बरं, आत्याचं तरी काढ. एकटी राहते ती."

"बघू," दादा म्हणाला. दादाचं "बघू" म्हणजे नाही, हे धाकटीला पाळण्यापासून माहीत आहे.

आत्याचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीत चार कुंड्या आणि दारापाशी एक स्टूल. तीस वर्षं शिलाई मशीन चालवून तिनं त्या खोल्या घेतल्या. तिच्या मुलाला वाटतं, आईनं आपल्याकडे अकराव्या मजल्यावर राहायला यावं. पोरगा वाईट नाही. पण त्यानं अट घातली होती, "आई, ज्या दिवशी फोनवर कुणी तुला फसवलं, त्या दिवशी ट्रंक भरायची. मग वाद नाही." आत्यानं अट मान्य केली, कारण मान्य केली नसती तर त्याच दिवशी ट्रंक भरावी लागली असती. "अकराव्या मजल्यावरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात," ती म्हणायची, "आणि मी खाली, त्या मुंग्यांतच बरी आहे."

त्या शनिवारी आत्याच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीला ओल आली म्हणून दादा हत्यारांची पिशवी घेऊन गेला.

"आता बघ करामत," म्हणाला. वरच्या बिऱ्हाडात गेला, बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि त्यांच्या मोरीत ओतून आला. "इथं शंभर पाइप असू देत. ज्या पाण्यात मी नीळ टाकली, ते जिथून निघेल तिथंच गळती. पाणी कितीही वळणं घेऊ दे, रंग सांगतोच ते कुणाकडून आलंय."

वीस मिनिटांनी आत्याच्या सिंकखालच्या कोपऱ्यात एक निळा थेंब फुगून आला.

"बघितलंस?"

"बघितलं. भिंत निळी झाली, ती कोण पुसणार?"

कौतुक करणं हे आत्याच्या रक्तातच नाही. दादा सिंकखाली पाठीवर आडवा झाला आणि पाना लावला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. आत्या फोन कानाला लावत नाही, कान तापतो म्हणते. तिनं तो ओट्यावर ठेवून स्पीकर लावला.

"मुंगळी आजी?" एक गोड, तरुण आवाज.

आत्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्या नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

"कोण रे, बाळा?"

"आजी, मी तुमच्या धाकट्या काकांचा नातू! इंटरनेटवर तुमची वंशावळ सापडली आणि मला राहवेना."

धाकटे काका म्हणजे अण्णांचे भाऊ. आत्या सहा वर्षांची असताना भांडून घर सोडून गेले, ते गेलेच. वंशावळीत त्यांच्या खालचा चौकोन रिकामा होता आणि दादानं तिथं लिहिलं होतं, "माहिती असल्यास कळवा." सिंकखाली दादाची छाती अशी फुगली की वरचा पाइप टेकायला लागला. बघा मास्तर! तुमच्या सात पिढ्या गप्प बसल्यात आणि माझ्या वंशावळीनं हरवलेलं माणूस शोधून आणलं!

"काका... आहेत का रे?" आत्यानं विचारलं.

"नाही हो, आजी. पण शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे. आमची मुंगळी कशी असेल, म्हणायचे."

आत्यानं पदरानं डोळे पुसले. सिंकखाली दादानंही पुसले, निळ्या हातानं.

"आजी, आपण सगळ्यांनी आता एका ग्रुपवर यायचं. मी तुम्हाला जोडून घेतोय. तुमच्या फोनवर सहा आकडे येतील बघा. तेवढे मला वाचून दाखवा, की झालं."

टिंग असा आवाज झाला. आत्या चष्मा शोधायला लागली.

"सापडेल सावकाश, आजी. तोवर सांगतो. मी लहान होतो ना, तेव्हा आजोबा मला मांडीवर घेऊन अण्णांची गोष्ट सांगायचे. महापुरात उडी घेऊन व्हॉल्व्ह बंद केला, ती."

दादाचा पाना जागच्या जागी थांबला.

मांडीवर घेऊन? ती गोष्ट जन्मून पुरते तीन आठवडे झाले नव्हते! ती कुठल्या काकाला माहीत नव्हती, कुठल्या नातवाला नव्हती, खुद्द अण्णांनाही माहीत नव्हती. ती दादाच्या अंगठ्यातून निघाली होती आणि जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती. नाकासमोर निळा थेंब लोंबत होता. ज्या पाण्यात मी नीळ टाकली, ते जिथून निघेल तिथंच गळती. आणि हे पाणी आत्याच्या ओट्यावरून, गोड आवाजात, भळाभळा वाहत होतं.

ओरडायला हवं होतं. पण ओरडायचं काय? अण्णांच्या पोरीसमोर सांगायचं, की तुझ्या बापाबद्दल मी जगाला थाप मारली? ज्या आत्यानं त्याला लहानपणी एका खोट्यापायी अख्खा दिवस जिन्यात उभा केला होता, तिला?

"अण्णा पोहत गेले?" आत्या चष्मा शोधायचं थांबली. "मला कधी बोलले नाहीत रे..."

"मोठी माणसं कुठं बोलून दाखवतात, आजी! सापडला का चष्मा?"

"सापडला, सापडला. हां. चार... सात..."

"आत्या, थांब!" दादा उठला तो सरळ सिंकवर आदळला. ठण्णकन आवाज झाला. "वाचू नकोस! खोटं आहे ते! अण्णा कधी पोहलेच नाहीत! मी लिहिलंय ते, मी! माझ्या मनानं!"

 फोनमधला आवाज एकदम सावध झाला.

"आजी, कोण आहे तिथं?"

आत्यानं दादाकडे बघितलं. कपाळावर टेंगूळ, गालावर नीळ, तोंड उघडं. मग तिनं फोनकडे बघितलं. मग एकदम मधासारखा आवाज काढला.

"कुणी नाही रे, बाळा. नळवाला आहे, त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. बरं मला सांग, अण्णा चांगलं पोहायचे ना?"

"म्हणजे काय! पट्टीचे पोहणारे!"

"आणि माझे काका?"

"त्यांच्याहून वरचढ, आजी!"

"मुडद्या!" आत्या कडाडली. "आमचे अण्णा बादलीला भ्यायचे! एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून अंघोळ करायचे, पळता यावं म्हणून! आणि काका तर चार दिवसांनी एकदा, तेही ओल्या फडक्यानं! ठेव फोन, नाहीतर तिथं येऊन नळाला बांधीन तुला!"

फोन बंद झाला. आत्या स्टुलावर बसली. 

"दोन आकडे वाचले रे मी," ती म्हणाली. "बँक ओरडून सांगते, कुणाला आकडा सांगू नका. मला माहीत होतं. पण तो मुंगळी म्हणाला." मग तिनं विचारलं, "त्याला हे नाव कुणी दिलं?"

पाइपाला कान लावून गळती सांगणारा माणूस. ही गळती त्यानं सिंककडे बघत सांगितली.

"मी."

"आणि माझा नंबर?"

"मीच."

"ज्याच्या मोरीत हात घातला त्याचं नाव ओठावर आणत नाहीस ना तू? मग मीच काय वाईट केलं होतं?"

दादानं खाली पडलेलं फडकं उचललं आणि भिंतीवरची नीळ पुसायला लागला. दादा स्वतःहून भिंत पुसतोय, असा प्रसंग घरानं पहिल्यांदाच बघितला, आणि बघायला नेमकी धाकटी नव्हती, याचं तिला आजही वाईट वाटतं.

ती तासाभरात आली. आल्या आल्या तिनं बँकेला फोन लावला. सगळं जागच्या जागी होतं. चार आकडे बाहेर गेले नव्हते, म्हणून काहीच गेलं नव्हतं. मग आत्या ट्रंकेकडे बघत बसली.

"पोराला काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस," दादा म्हणाला, आणि आत्याच्या मुलाला त्यानंच फोन लावला. घसा दोनदा खाकरला. "ऐक. आज आत्याला फसवायला एकानं फोन केला होता. फसली नाही ती. उलट त्यालाच धुतला. आणि तो आला तो माझ्यामुळे. सगळं मी उघड्यावर टाकलं होतं. त्यामुळे ट्रंक भरायचीच असेल तर माझी भर."

 पलीकडून हसू आलं. "दादा, तू चूक कबूल केलीस? थांब, हे रेकॉर्ड करून घेऊ दे. परत बोल."

"अट फसण्याची होती!" आत्या मागून ओरडली. "मी फसले नाही! ट्रंक हलणार नाही!"

ट्रंक हलली नाही.

मग धाकटीनं दादाला समोर बसवलं आणि एकेक चौकोन पुसायला लावला. फोटो, पाटी, फोन नंबर, शाळा, तारखा. "काढलं तरी कुणी आधीच उतरवून घेतलं असेल तर ते परत येत नाही," ती म्हणाली. "उद्या बँकेतली ओळखीची उत्तरं सगळ्यांनी बदलायची. आणि जिवंत माणसाचं एक अक्षर टाकायचं असलं तरी आधी त्याला विचारायचं." दादानं खरंच एकेकाला विचारलं. एका भाच्यानं सांगितलं, नाव टाक, गाव नको. मामी म्हणाली, सगळं टाक, वय सोडून. बायको म्हणाली, "चौकोनाचं राहू दे. त्या मोठ्या माणसाच्या बेसिनमधून काय निघालं ते आधी सांगा." म्हणून तिचा चौकोन रिकामाच आहे.

शेवटी अण्णा राहिले. दादानं मान खाली घालून महापूर पुसायला अंगठा टेकवला, तर आत्यानं मनगट धरलं.

"राहू दे."

"आत्या, खोटं आहे ते."

"माहीत आहे. पण जन्मभर भीत राहिले बिचारे, तिथं तरी पोहू देत एकदा. आणि तुझी नीळ आहे ती. जो तिथलं पाणी पिऊन येईल, त्याची जीभ निळी दिसेल." मग चहाचा कप फिरवत म्हणाली, "पोहायला कशाला हवं होतं रे त्यांना? ज्या माणसाला गुडघाभर पाण्याची भीती, तो चाळीस वर्षं चरात उतरून पाइप जोडत होता. रोज सकाळी घाबरत जायचे आणि रोज जायचे. तुमच्या घरात नळ उघडला की पाणी येतं ना, ते भित्र्या माणसानं आणलंय."

दादा बघतच राहिला. महापुराहून, न्यायाधीशाहून, सातच्या सात पिढ्यांहून मोठी गोष्ट इतकी वर्षं घरातच पडली होती! फोन उचलून लिहायला त्याचे अंगठे शिवशिवले. पण धाकटीनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं होतं. यापुढं आत्याला कुणाचाही फोन आला, तर आत्या एकच प्रश्न विचारणार, अण्णा पोहायचे का? "हो" म्हणाला तो चोर. "नाही" म्हणाला तो घरचा. खरं बाहेर लिहिलं की कुलूप गेलं.

आणि आत्या नियमाची पक्की. परवा दादा मास्तरांच्या घरी बेसिन बसवत होता. आत्याच्या भिंतीला रंग कधी लावायचा ते विचारायला त्यानं तिला फोन केला.

"आत्या, मी बोलतोय."

"अण्णा पोहायचे का?"

"आत्या, आवाज ओळखतेस ना माझा?"

"आवाज कुणीही काढतो. अण्णा पोहायचे का?"

मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभे, कान टवकारलेले. दादा बाथरूममध्ये गेला, दार लावलं, नळ पूर्ण सोडला आणि फोनला तोंड लावून हळूच म्हणाला, "नाही पोहायचे. मी थाप मारली होती." असं तो महिनाभर आठवड्यातून तीन-चारदा म्हणत आलाय. जन्मात एकूण जेवढ्यांदा चूक कबूल केली नसेल, तेवढ्यांदा या एका महिन्यात केली.

(आता हे वाचून तुम्ही आत्याला फोन लावून बघाल. लावा. कालच प्रश्न बदललाय.)

दादा बाहेर आला तेव्हा मास्तर म्हणाले, "तुमच्या आजोबांची ती पुराची गोष्ट वाचली हं मी. विलक्षण! अजून असेल ना बरंच काही?"

खरी गोष्ट दादाच्या जिभेच्या टोकावर येऊन बसली. मास्तरांच्या न्यायाधीशाला एका वाक्यात खाली बसवणारी. दादानं ती गिळली. 

"आहे मास्तर," तो पाना उचलत म्हणाला. "पण ते घरचं आहे."